हळद शिजली, पण धुरा उघडा पडला

रिसोड तालुक्यात हळदीची काढणी सुरू झाली की वावरावावरांतून वाफेचे लोट दिसू लागतात. पूर्वी कढईत पाणी टाकून, वरून हळदीचाच पाला झाकून शिजवण होत असे. आता बॉयलर बांधावर येतो, ढोलांत वाफ सोडली जाते आणि दिवसाकाठी कितीतरी माल हातावेगळा होतो. वेळ वाचला, मजुरी वाचली, हे खरेच. पण त्या बॉयलरच्या तोंडात काय जाते, याकडे कोणी फारसे पाहत नाही.

जाते काय? तर धुऱ्यावरची बाभूळ, नाल्याकाठचा लिंब, हाताला येईल ते. आणि तेही बहुधा ओले. काढणी तोंडावर आली म्हणजे घाईने झाड आडवे करायचे, चार दिवसांत फोडायचे आणि जाळायचे, अशी रीत पडली आहे. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. उन्हात नीट वाळलेल्या किलोभर लाकडातून साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता मिळते, तर तेवढ्याच ओल्या लाकडातून दोन हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे क्विंटलाच्या भावाने लाकूड घेणारा शेतकरी निम्मे पैसे पाण्याचे मोजतो! त्यात धूर होतो, वाफ मंदावते, आणि ढोलातला माल कुठे कच्चा तर कुठे जास्त शिजतो. कच्च्या हळकुंडाला रंग येत नाही, जास्त शिजलेल्याचा रंग बिघडतो. बाजारात भाव पडतो तो तिथे.

मग जाळावे काय? बाभूळ उत्तमच. तिचा निखारा टिकतो, म्हणून वाफ धरून ठेवायला तिच्यासारखे लाकूड नाही. पण ती निदान एक उन्हाळा खाल्लेली हवी. वेडी बाभूळही तितकीच कामाची, आणि ती तोडल्याने पडीक जमीन मोकळी होते. आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांना मात्र हात लावू नये. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडून मिळणारे जळतन त्यांच्या फळांच्या मोलाचेही नसते.

दुसरा मार्ग आपल्याच वावरात पडलेला आहे. हळद शिजविण्याच्या दिवसांतच तुरीच्या तुराट्या आणि कपाशीची पऱ्हाटी मोकळी होते. एकरी टनाच्या आसपास निघणारी ही पऱ्हाटी आपण धुऱ्यावर पेटवून देतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाला रडविले, तेव्हापासून पऱ्हाटी वावरात ठेवू नका, असे कृषी खाते कानीकपाळी ओरडते आहे. ती उघड्यावर जाळण्यापेक्षा बॉयलरखाली जाळली तर अळीही जाते आणि हळदही शिजते.

अडचण नाही असे नाही. पऱ्हाटी भुरकन जळते, तोंडाशी एक गडी सतत बसवावा लागतो, आणि वाहतुकीला जागा फार खाते. पण सुरुवातीची वाफ पऱ्हाटीवर उठवावी आणि पुढे दोन-चार वाळल्या ओंडक्यांवर ती टिकवावी, असे केले तर लाकूड बरेच कमी लागेल. सोयाबीनचे कुटार मात्र जाळू नये, ते जनावरांच्या तोंडचे आहे. हळदीचा पालाही जमिनीला परत द्यावा. राख उकिरड्यावर न फेकता वावरात टाकावी, तिच्यात पालाश असते.

खरी गोम आहे ती व्यवहारात. बॉयलरवाला ढोलामागे पैसे घेतो आणि जळतन शेतकऱ्याने पुरवायचे, असा ठराव असला की ते वाचविण्याचे त्याला काय पडले आहे? टाकीत क्षारांचा थर साचला तरी तो खरवडत नाही, कारण जास्तीचे लाकूड दुसऱ्याचे जळते. म्हणून ठराव करतानाच जळतनासह दर विचारावा. चार शेतकऱ्यांनी एकत्र येऊन विचारला तर तो कमीही होईल.

करडा येथील कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे. त्यांनी एका शिवारात ओले लाकूड, वाळले लाकूड आणि पऱ्हाटी अशी तीन जळतने वजन करून शेतकऱ्यांसमोर जाळून दाखवावीत. ढोलामागे किती किलो लागले, हे फळ्यावर लिहावे. शंभर भाषणांपेक्षा ते एक वजन जास्त बोलेल.

हळदीने या भागात चार पैसे आणले, याचा आनंदच आहे. पण बाभूळ धुऱ्यावर उभी राहायला पंधरा वर्षे लागतात, आणि बॉयलरमध्ये ती एका दुपारी संपते. पुढच्या हंगामाचे लाकूड याच उन्हाळ्यात फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून रचून ठेवा. तेवढे केले तरी धुऱ्यावरची अर्धी झाडे वाचतील.