जन्मभराचा पास

'एकदाच पैसे भरा नि जन्मभर विमानानं फिरा!' कुणी असं म्हटलं तर आपण हसू. पण अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये खरंच तसा पास काढला होता. कंपनीला रोख पैसा हवा होता. २.५ लाख डॉलर भरले की पहिल्या वर्गानं हवं तेवढं फिरायचं, आणखी १.५ लाख भरले की सोबतीलाही न्यायचं.

घेणाऱ्यांनी तो पुरेपूर वसूल केला. स्टीव्हन रॉथस्टाइन यांनी तर १०,००० हून जास्त वेळा विमानप्रवास केला. पास महाग पडतोय म्हटल्यावर कंपनीनं किंमत वाढवली, १९९४ मध्ये विक्री थांबवली. २००८ मध्ये रॉथस्टाइन यांचा पासच रद्द केला. खोट्या नावानं जागा अडवल्या, हा ठपका. प्रकरण कोर्टात गेलं.

मला विचाराल तर आगाऊ पैसे भरणं म्हणजे बिनव्याजी उसने देणंच. आपल्याकडे जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा आधीच तिकिटं काढून बसलेल्यांना पैशांसाठी ताटकळावं लागलं.

आपण कुठं असला पास घेणार, म्हणाल. पण सराफाकडची मासिक योजना, क्लासची वर्षाची फी, हे तरी वेगळं काय? एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा. मुदत छोटी, म्हणून धोकाही छोटा. तेव्हा मैत्रिणींनो, पैसे मोजण्याआधी विचारा: दुकान बंद पडलं तर परत कोण देणार? मधेच अटी बदलता येतात का? आणि उत्तर तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या.