वाया जाणारी ऊब

पांच हजारांच्या भोजनानंतर प्रभु येशूनें उरलेले तुकडे शिष्यांकडून गोळा करविले व त्यांनीं बारा टोपल्या भरल्या, ही शुभवर्तमानांतील हकीकत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ज्याच्या हातीं एवढें सामर्थ्य होतें, त्यानेंहि उरलेलें वाया जाऊं दिलें नाहीं. हा धडा यंत्रांसहि लागू पडतो, असें आमचें मत आहे; आणि रुग्णालयांतील वातानुकूलन हें त्याचें ठळक उदाहरण होय.

रुग्णालयांतील गारवा ही चैन नव्हे. अमेरिकेंतील फ्लॉरिडाचे डॉक्टर जॉन गॉरी यांनीं 1851 सालीं बर्फ करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें, तें तापानें पोळणाऱ्या रुग्णांच्या खोल्या थंड करण्याच्या तळमळींतून. आज शस्त्रक्रियागृहांतील हवा तासांत निदान 20 वेळां बदलावी व त्यांपैकीं 4 वेळां ती बाहेरील ताजी असावी, असा रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या आपल्या राष्ट्रीय मंडळाचा दंडक आहे.

पावसाळ्यांत ही बाहेरची हवा किती दमट असते, हें पवईच्या तलावाकांठीं राहणारांस सांगावयास नको. तो ओलावा काढण्यासाठीं हवा सुमारें 12 अंशांपर्यंत थंड करितात; म्हणजे तिच्यांतील पाणी गळून पडतें. परंतु इतकी गार हवा खोलींत सोडतां येत नाहीं, म्हणून ती पुन्हां तापवितात, व पुष्कळ ठिकाणीं तें विजेनें! त्याच इमारतींत स्नानाच्या व धुलाईच्या पाण्यासाठीं बॉयलर पेटलेला असतो. आणि गच्चीवरील कूलिंग टॉवर खोल्यांतून काढलेली उष्णता आकाशांत उधळीत असतो. एका हातानें टाकावें व दुसऱ्या हातानें तेंच विकत घ्यावें, असा हा प्रकार आहे.

टाकलेली ही उष्णता थोडकी नव्हे. चांगलें शीतयंत्र विजेच्या एका भागावर खोल्यांतील चार-पांच भाग उष्णता ओढून घेतें आणि विजेचा भाग मिळवून पांच-सहा भाग बाहेर टाकतें. यंत्रांतून निघणारें पाणी 35 अंशांच्या आसपास असतें. 12 अंशांची हवा 20 अंशांवर आणण्यास तें पुरेसें आहे. यंत्रांतील दाबलेला वायु त्याहून पुष्कळ तप्त असल्यामुळें त्याच्या उष्णतेवर स्नानाचें पाणीहि बरेंच तापतें. जंतूंच्या भयास्तव साठ्याचें पाणी 60 अंशांवर ठेवणें इष्ट. तेवढी अखेरची ऊब बॉयलरनें द्यावी.

नळ व इतर सामग्री बसविण्यास खर्च लागतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु मुंबईच्या रुग्णालयांत गारवा बारमास लागतो व ऊन पाणी रोज लागतें. त्यामुळें बचतहि रोजची होते. ही विद्या दूरदेशींची आहे असेंहि नाहीं. 1958 सालीं स्थापन झालेल्या, पवईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील उष्णता-पंपाच्या प्रयोगशाळेंत या विषयावर संशोधन झालें आहे.

मात्र एक मर्यादा पाळलीच पाहिजे. विजेचें बिल कमी करण्यासाठीं ताज्या हवेस कात्री लावणें ही काटकसर नव्हे, तो रुग्णाशीं द्रोह होय. तसेंच, रुग्णांच्या खोल्यांतून निघालेल्या हवेचा गारवा परत घेणें असल्यास तो बंद नळांतील पाण्याच्या द्वारें घ्यावा; ती हवा ताज्या हवेंत मिसळूं देऊं नये.

विजेचा खर्च शेवटीं रुग्णाच्याच बिलांत उतरतो, आणि तें बिल भरतांना कित्येक कुटुंबें मेटाकुटीस येतात. म्हणून ज्या पालकांचा रुग्णालयांच्या कारभाराशीं संबंध असेल, त्यांनीं मोठें शीतयंत्र मागविण्यापूर्वीं, आपली उष्णता जाते कोठें, हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, पदार्थविज्ञानाचा तास केवळ परीक्षेपुरता समजूं नका. टाकलेल्या उष्णतेच्या टोपल्या भरण्याचें काम पुढें तुम्हांसच करावयाचें आहे.