गृहोपयोगी विज्ञान : फाइलींत अडकलेलीं छायाचित्रें

हल्लीं पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तान्त संगणकावर ‘वर्ड’मध्यें लिहिले जातात, आणि मजकुरांत जागोजागीं वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें बसविलेलीं असतात. पुढें मूळ छायाचित्र वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडतें, जुना संगणक मोडींत जातो, आणि पणजीबाईंची मुद्रा त्या एका फाइलींतच काय ती उरते. अशा वेळीं कित्येक जण पडद्याचा ‘स्क्रीनशॉट’ घेऊन तोच छापखान्याकडे धाडतात. हा मार्ग बरा नव्हे. पडद्यावर जेवढें दिसतें तेवढेंच त्यांत उतरतें. मूळचे बारकावे गळून जातात.

वास्तविक तें चित्र जसेंच्या तसें बाहेर काढतां येतें. ‘वर्ड २००७’पासून रूढ झालेली ‘डॉकएक्स’ फाइल ही एक बंद पेटीच होय. ‘झिप’ पद्धतीनें मजकूर व चित्रें तींत निरनिराळीं बांधून ठेवलेलीं असतात. प्रथम फाइलीची प्रत करावी; मूळ फाइलीस हात लावूं नये. मग प्रतीच्या नांवांतील टिंबापुढचें ‘डॉकएक्स’ खोडून ‘झिप’ लिहावें. संगणक खात्री करूं लागला, तर होकार द्यावा. ही पेटी उघडली म्हणजे ‘वर्ड’ नांवाच्या फोल्डरांत ‘मीडिया’ हें फोल्डर दिसेल. सर्व चित्रें तेथें क्रमांकानें ठेवलेलीं असतात. तीं अन्यत्र उतरवून घ्यावीं. ‘लिबरऑफिस’च्या ‘ओडीटी’ फाइलींत या फोल्डराचें नांव ‘पिक्चर्स’ असें असतें. जुनी ‘डॉक’ फाइल मात्र आधीं ‘डॉकएक्स’ करून साठवावी.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. फाइल साठवितांना ‘वर्ड’ कित्येकदां मोठें चित्र आकसून टाकतो. असें गेलेलें तेज पुन्हा मिळत नाहीं. उलटपक्षीं, ‘क्रॉप’ करून चौकटीबाहेर ठेवलेला भाग बहुधा फाइलींत तसाच राहतो. आजोबांचें एकट्याचें चित्र हवें म्हणून ज्या थोरल्या काकूंना वगळलें, त्या पेटींत त्यांच्या शेजारींच बसलेल्या सांपडतात! म्हणून फाइल परक्याकडे धाडण्यापूर्वीं ती एकदां तपासावी. आणि काकू सांपडल्याच, तर त्यांच्या चित्राखालीं नांव लिहून त्यांना वृत्तान्तांत जागा द्यावी.