बडे अब्बांच्या बरगडीवरची सोनोग्राफी

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांचा एकच प्रश्न असतो, मशीन कधी काढणार? बडे अब्बा न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते तेव्हा आम्हीही रोज तेच विचारत होतो. आठव्या दिवशी नळी काढली. गावभर फोन गेले, फुफीने शेवयांसाठी दूध जास्तीचे घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बडे अब्बांना अशी धाप लागली की नळी पुन्हा घालावी लागली. त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. एक भाऊ म्हणाला, डॉक्टरांनी घाई केली. दुसरा म्हणाला, आपणच रोज मागे लागलो होतो. दोघांनाही खरे कारण माहीत नव्हते, आणि ते आम्हाला कुणी सांगितलेही नव्हते.

नळी काढण्याआधी चाचणी झाली होती. मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देतात आणि नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वासाची गती पाहतात. बडे अब्बा त्यात पास झाले होते. आम्ही मास्तर माणसे, पास झालेला दुसऱ्या दिवशी नापास कसा, हे आमच्या डोक्यात शिरेना. डॉक्टर म्हणाले, असे पास झालेल्यांपैकीही साधारण 10 ते 20 टक्के रुग्णांना पुन्हा नळी लागते. मग म्हणाले, या वेळी आधी सोनोग्राफी करू.

फुफी चमकलीच. "मरद की सोनोग्राफी कायकू?" तिचे काय चुकले? आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की पोटातले बाळ आणि भिंतीवरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, एवढेच आठवते. इथे पाहायचा होता एक स्नायू. छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटासारखा ताणलेला पातळ पडदा, म्हणजे श्वासपटल किंवा डायाफ्राम. उर्दूत त्याला हिजाबे-हाजिज म्हणतात, मध्ये आडवा असलेला पडदा. हा पडदा खाली ओढला गेला की फुफ्फुसात हवा शिरते. शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाचे बहुतेक काम तोच करतो, जन्मल्यापासून सुट्टी न घेता.

व्हेंटिलेटर लागला की त्याला सुट्टी मिळते, आणि तीच त्याला बाधते. प्लास्टरमधला हात बारीक होतो तसेच हे आहे, फक्त इथे फार लवकर होते. 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 18 ते 69 तास पूर्णपणे मशीनच्या श्वासावर असलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांच्या या पडद्यातले स्नायूतंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले दिसले. तीन दिवससुद्धा नाहीत! बडे अब्बांचे तर आठ झाले होते.

डॉक्टरांनी उजव्या बगलेच्या खाली, आठव्या ते दहाव्या बरगडीच्या दरम्यान जेल लावून प्रोब टेकवला. उजवीकडे यकृत असल्याने पडदा नीट दिसतो. डावीकडे पोटातला वायू आड येतो. पडद्यावर दोन पांढऱ्या रेषा आणि त्यांच्या मधे काळसर पट्टा. तो पट्टा म्हणजे श्वासपटल. श्वास सोडल्यावर त्याची जाडी मोजली, 2 मिलिमीटर. श्वास घेतल्यावर पुन्हा मोजली, 2.3. स्नायू आकसला की जाड होतो, दंड फुगवल्यासारखा. पुढचे गणित शाळेतल्या शेकडेवारीचे: 0.3 भागिले 2, म्हणजे 15 टक्के. वाढ साधारण 30 टक्क्यांच्या पुढे असेल तर मशीन सुटण्याची आशा चांगली मानतात. ही रेघ पक्की नाही, कुठे 20 धरतात तर कुठे 36. मग बरगड्यांच्या खालून दुसरा प्रोब वर रोखून पडदा एका श्वासात किती सरकतो ते पाहिले. एक सेंटिमीटरही नव्हता. एकूण वेळ दहा-पंधरा मिनिटे, खाटेवरच, ना सुई ना क्ष-किरण.

यात एक मेख आहे. मशीन पूर्ण आधार देत असताना मोजले तर काही कळत नाही, कारण तेव्हा फुफ्फुस मशीन फुगवते आणि स्नायू आळसावलेला असतो. म्हणून आधार कमी करून मोजायचे. मोजणाऱ्याचा हातही सरावाचा लागतो; 2 मिलिमीटरच्या वस्तूत केसभर चूक झाली तरी टक्के बदलतात. शिवाय खोकला जोरात येतो का, कफ किती, शुद्ध कशी, हृदय साथ देते का, हे सोनोग्राफीच्या या आकड्यात येत नाही. तो निकाल वेगळा लावावा लागतो.

पुढचे सहा दिवस झोपेची औषधे कमी केली, दिवसातून ठरावीक वेळ त्यांना स्वतःचे श्वास घ्यायला लावले, फिजिओथेरपिस्टने खाटेच्या कडेला बसवले. बडे अब्बा नळीमुळे बोलू शकत नव्हते. आमच्या पाटीवर ते उर्दूत लिहीत आणि सिस्टरांना ते वाचता येत नसे. शेवटी आम्ही पुठ्ठ्यावर मराठीत ‘दुखते’, ‘तहान’, ‘कूस बदला’ असे लिहून दिले. त्यावर ते बोट ठेवत. आयसीयूत कुणी आपले असेल तर एवढे जरूर करा. आणि ‘कधी काढणार’ याच्या जोडीला ‘श्वासाचा स्नायू कसा आहे’ हेही विचारा. डॉक्टर रागावत नाहीत. आमचे तर खुर्ची ओढून बसले आणि कागदावर घुमट काढून दाखवला.

सहाव्या दिवशी श्वास घेतल्यावरची जाडी 2.7 भरली. 35 टक्के. खोकलाही बरा होता. नळी काढली, पण या वेळी आम्ही कुणालाच फोन केला नाही. पहिले 48 तास जपायचे असतात, ते बाकावर बसून काढले. तिसऱ्या सकाळी आत गेलो तर बडे अब्बा बसक्या आवाजात म्हणाले, "चाय कां है?" गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चहा नाही, असे सिस्टर म्हणाल्या. ते आमच्यावरच रुसले.