छोट्या विमानात अप्रोच चार्टची दुसरी प्रत सक्तीची हवी

ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी दिसत नसते. कोणत्या दिशेने यायचे, कुठल्या टप्प्यावर किती उंचीच्या खाली जायचे नाही आणि शेवटच्या उंचीवर पोहोचूनही धावपट्टी दिसली नाही तर कुठे वळून वर चढायचे, हे सारे एका पानावर असते. त्या पानाला अप्रोच चार्ट म्हणतात. टपालाची विमाने चालवणाऱ्या एल्रे जेपसेन या अमेरिकी वैमानिकाने स्वतःच्या वहीतली अशी टिपणे १९३४ मध्ये इतरांना विकायला सुरुवात केली आणि त्यातून एक मोठा व्यवसाय उभा राहिला. आज सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानातही हे पान कॉकपिटच्या पडद्यावर उमटते. काही यंत्रणांत तर त्यावर विमानाचे चिन्हही पुढे सरकताना दिसते. ही सोय उत्तम आहे आणि ती रूढ व्हावी. पण एकच वैमानिक असलेल्या विमानात सगळी भिस्त त्या पडद्यावर नसावी. चार्टची स्वतंत्र दुसरी प्रत आणि पडदा गेल्यावर विमान कसे सांभाळायचे याचे प्रशिक्षण, या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या पाहिजेत.

कागदाच्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हवाई माहिती दर २८ दिवसांनी नव्याने जारी होते. जाडजूड फायलीतली जुनी पाने काढून नवी लावण्याचे काम कंटाळवाणे होते आणि एखादे पान चुकीच्या जागी गेले, तर ते सापडायचे नेमके गरजेच्या वेळी नाही. रात्री, हादरे बसत असताना, एका हाताने विमान सांभाळत मांडीवरचे पान वाचणे हे कष्टाचे काम. पडद्यावर ते डोळ्यांसमोर येते, मोठे करता येते आणि आपण नेमके कुठे आहोत हेही दिसते.

अडचण सुरू होते ती बिघाड झाल्यावर. गार्मिन कंपनीच्या मूळ जी१००० या कॉकपिट यंत्रणेत दोन मोठे पडदे असतात. डावीकडच्या पडद्यावर विमानाचा कल, वेग आणि उंची दिसते, तर उजवीकडच्या पडद्यावर नकाशा व चार्ट. डावा पडदा बंद पडला की उड्डाणाची ती सारी माहिती उजव्या पडद्यावर येते. यंत्रणेची ही रचना योग्यच आहे, कारण विमान सरळ ठेवणे सर्वांत आधी. पण त्या क्षणी चार्ट मात्र नाहीसा होतो. म्हणजे वैमानिक सर्वाधिक ताणात असताना, बहुधा ढगातच, त्याच्यापुढचे पानही जाते. वीजपुरवठाच बंद झाला तर दोन्ही पडदे जातात आणि हाती उरतात राखीव उपकरणे. त्यांच्यावर चार्ट नसतो.

पडदे आले म्हणजे सुरक्षितता आपोआप आली, हा समजही पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २००२ ते २००६ या काळात बांधलेल्या एकइंजिनी छोट्या विमानांची तुलना होती. ग्लास कॉकपिट, म्हणजे काट्यांच्या उपकरणांऐवजी पडदे, असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण प्राणघातक अपघातांचा दर जास्त होता. अशी विमाने लांबच्या आणि खराब हवामानातल्या प्रवासाला अधिक वापरली जातात, हे खरे. तरीही मंडळाने बोट ठेवले ते प्रशिक्षणावर: प्रत्येक यंत्रणा वेगळी वागते, ती बिघडते तेव्हाही वेगळी वागते आणि वैमानिकाला ते शिकवलेले नसते. कोलंबियातील कालीजवळ २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे बोईंग ७५७ डोंगरावर आदळून १५९ जण मरण पावले. ते मोठे विमान होते, पण त्यातला धडा इथेही लागू पडतो. चार्टवर ‘आर’ हे अक्षर रोझो या दिशादर्शक केंद्राचे होते. संगणकात तेच अक्षर टाकल्यावर बोगोटाजवळचे रोमिओ निवडले गेले आणि विमान भलत्याच दिशेला वळले. चार्ट आणि संगणक यांत तफावत असू शकते. ती पकडायला वैमानिकाने उतरणीच्या आधी चार्ट वाचून मनात पक्का केलेला असावा लागतो. सरकत्या चिन्हामुळे वाचण्याऐवजी नुसते पाहत राहण्याची सवय जडते.

यावर सांगितले जाते की बहुतेकांकडे टॅब्लेट असतोच, मग सक्ती कशाला? टॅब्लेट चांगला पर्याय आहे, पण तो चार्ज केलेला, अद्ययावत आणि हाताशी हवा. काचेखालच्या तळपत्या उन्हात तो तापून बंद पडतो. शिवाय साधने दोन असली म्हणजे ती स्वतंत्र असतातच असे नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या टॅब्लेटवरील चार्टचे अॅप एका विमानतळाच्या दुबार नोंदीमुळे बंद पडले आणि डझनावारी उड्डाणे रखडली. साधने अनेक, सॉफ्टवेअर मात्र एकच होते. खर्चाचा आक्षेप तर अगदीच लंगडा आहे. गंतव्य आणि पर्यायी विमानतळाची चार-सहा पाने छापायला एका तासाच्या इंधनाचा क्षुल्लक हिस्साही लागत नाही.

बारामती किंवा गोंदियात उड्डाण शिकणारी मुले-मुली उद्या प्रवाशांनी भरलेली विमाने चालवणार आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आणि प्रशिक्षण संस्थांनी उपकरण-उड्डाणाच्या प्रत्येक चाचणीत उतरणीच्या मध्यावर मुख्य पडदा बंद करावा आणि उरलेली उतरण विद्यार्थ्याकडून दुसऱ्या प्रतीवरून पूर्ण करून घ्यावी. ज्याला ते जमत नाही, त्याला परवाना देऊ नये.