टेप लावून पोरं मोजताना



उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे कूलरच्या ताट्या बदलण्याची धावपळ, आणि दुसरी म्हणजे पोरांची खेळाची शिबिरं. पारा ४३-४४ च्या पुढे सरकतो, म्हणून सकाळी साडेपाचलाच पोरं मैदानावर आणि आठ-साडेआठला घरी परत. शेवटच्या दिवशी निवड होते आणि एक यादी लागते. यादीत वीसेक नावं, बाकीचे 'पुढच्या वर्षी पाहू'.

गेल्या पंधरा दिवसांत नात्यातल्या तिघांचे फोन आले. दोघे पुण्याचे, एक नागपूरची भाची. तिघांचा प्रश्न सारखाच. बास्केटबॉलच्या शिबिरात मूल गेलं होतं, निवड झाली नाही, आता त्याला खेळू द्यायचं की अभ्यासाला बसवायचं? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधीच सांगतो, मी काही प्रशिक्षक नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. शाळेत खेळाच्या तासाला माणूस कमी पडला की शिट्टी माझ्या गळ्यात यायची आणि तालुक्याच्या स्पर्धांना गुणलेखनाच्या टेबलावर मला बसवायचे, एवढाच माझा मैदानाशी संबंध. पण पोरं पारखणं हा तर आमचा जन्माचा धंदा, आणि म्हणूनच या यादीबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची दोन दिवसांत केलेली निवड ही बहुतेक वेळा 'कोण चांगला खेळेल' याची यादी नसते. 'आज कोण लवकर वाढलं आहे' याची ती यादी असते.

आता हे जरा उलगडून सांगतो. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची तेराव्या-चौदाव्या. हे झालं सरासरीचं. प्रत्यक्षात एखादा बाराव्या वर्षीच ताडमाड होतो, तर दुसऱ्याला पंधरावं उजाडावं लागतं. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी धावण्यात, उडीत, चेंडू फेकण्यात सगळ्यांच्या पुढे असतो. आपण म्हणतो, 'काय गुणी पोट्टा आहे!' तीन वर्षांनी उशिरा वाढणारा त्याच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. पण तोवर तो मैदानावर असला पाहिजे ना?

त्यात वयोगटाची भानगड. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. चाळिशीच्या माणसाला एका वर्षाचा फरक म्हणजे काहीच नाही, पण बारा वर्षांच्या पोराला तो आयुष्याचा बारावा हिस्सा आहे. कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तर वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी. देवाने जानेवारीतल्या मुलांनाच हॉकी दिली होती असं थोडंच आहे! ती मुलं निवडीच्या दिवशी थोडी मोठी होती. मोठी म्हणून निवडली गेली, निवडली म्हणून त्यांना शिकवणी मिळाली, आणि शिकवणी मिळाली म्हणून ती खरोखरच चांगली झाली. बाकीची घरी गेली.

आमच्या पिढीला हे सांगून उपयोग नाही म्हणा. आमच्यात अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून नाहीतर १ जुलैला! बाप पोराचा हात धरून शाळेत यायचा, गुरुजी पोराकडे एकदा पाहायचे आणि शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने तारीख टाकून मोकळे व्हायचे. आता जन्माची नोंद होते, दाखला मिळतो. तरीही वय चोरणारे चोरतातच, म्हणून मोठ्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ताडण्याची वेळ आली आहे. मला वाटतं, वय चोरण्याचा मोह पालकांना होतो त्याचं मूळही याच यादीत आहे. वर्षभराने मोठं पोर निवडलं जातं हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

उंचीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फुटांवर. तिथे उंच माणसाचा फायदा कोण नाकारेल? प्रशिक्षक म्हणतात, 'सर, चेंडू टप्पा देत कसा न्यायचा ते शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही.' अगदी खरं. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग भामरा उंचीमुळेच नजरेत भरला. लुधियानाच्या अकादमीत शिकला, २०१० साली अमेरिकेत फ्लोरिडाला गेला, आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या निवडीत नाव लागलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची सात फुटांच्या वर. पण एनबीएचा एकही सामना त्याला प्रत्यक्ष खेळायला मिळाला नाही. उंचीने त्याला दारापर्यंत नेलं, पुढचं काम एकट्या उंचीचं नव्हतं.

उलट बाजूला मग्सी बोग्स. उंची १.६० मीटर, म्हणजे आपल्याकडच्या साध्या माणसाएवढी. १९८७ ते २००१ अशी चौदा वर्षं तो एनबीएत खेळला. आणि मायकेल जॉर्डनची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १९७८ साली त्याच्या शाळेच्या मुख्य संघात त्याच्याऐवजी त्याचा उंच मित्र घेतला गेला आणि जॉर्डनला धाकट्या संघात टाकलं. या गोष्टीचा अर्थ आपण 'जिद्द असेल तर सगळं होतं' असा लावतो. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या शाळेत धाकटा संघ होता! मुख्य यादीत नाव नसलेल्या मुलालाही रोज खेळायला जागा होती. आमच्याकडे तीच नाही.

आता कोणी म्हणेल, मग टेप आणि घड्याळ फेकून द्या, पोरांचा खेळ बघून निवडा. इथे मी जरा थांबतो. आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना माहीत आहे. उंची-वजन, ३० मीटर धावणे, जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ६ गुणिले १० मीटर शटल रन, ८०० मीटर धावणे, कमरेतून पुढे वाकणे. यात कुठल्याच खेळाचं कौशल्य नाही. काही जण यालाच नावं ठेवतात. मी ठेवत नाही. झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावरच्या किंवा दिग्रसकडच्या तांड्यावरच्या पोराने बास्केटबॉल कधी हातात धरलेलाच नसतो. त्याच्यासमोर चेंडू टाकून 'ले-अप कर' म्हटलं तर तो शहरातल्या, कोर्ट असलेल्या शाळेतल्या पोरापुढे हरणारच. पण जागेवरून लांब उडी मारायला कोर्ट लागत नाही, बूट लागत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आली. त्यांचा गिर्यारोहणाचा आधीचा अनुभव तपासत बसले असते तर एकही निवडलं गेलं नसतं.

म्हणजे टेप अंगातला कच्चा माल सांगते, आणि कौशल्याची चाचणी आजवर मिळालेली संधी सांगते. शिकण्याची कुवत मात्र दोन्हींत दिसत नाही, आणि पुढचं सगळं तर तिच्यावरच अवलंबून.

ती दिसते कशी? वर्गात आम्ही एक साधी गोष्ट करायचो. पहिल्या दिवशी मुलाला काही येत नाही याची नोंद घ्यायची, चार दिवस शिकवायचं आणि मग पाहायचं, पहिल्या दिवसापासून हा किती चालून आला. पन्नासवरून पंचावन्नवर आलेल्यापेक्षा वीसवरून पंचेचाळीसवर आलेला मला नेहमी मोलाचा वाटला. मैदानावरही हे सहज करता येईल. पहिल्या दिवशी सगळ्यांना डाव्या हाताने चेंडू टप्पा देत न्यायला सांगा. बहुतेकांचा पायावर आपटून पळेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बघा. घरी भिंतीशी कोण करून आलं ते बरोबर कळतं.

दुसरं म्हणजे तिघं-तिघं खेळवा. (हा प्रकार आता ऑलिंपिकमध्येही आला आहे, टोकियोपासून.) दहा जणांच्या सामन्यात लाजरं पोर लपून जातं, तिघांत लपायला जागाच नसते. आणि ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्याकडे पाहू नका, नसलेल्यांकडे पाहा. मोकळ्या जागेत कोण सरकतं, चेंडू गेल्यावर कोण मागे पळतं, सोबत्याची चूक झाल्यावर कोण कपाळावर हात मारतं आणि कोण 'चल चल, पुढचा' म्हणतं. पारख इथे होते.

तिसरं, साहित्य तरी वयाला धरून द्या. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलला २.६० मीटरवर रिंग आणि पाच नंबरचा लहान चेंडू वापरतात. आपण दहा वर्षांच्या पोराच्या हातात सात नंबरचा, मोठ्या पुरुषांचा, सहाशे ग्रॅमच्या आसपासचा चेंडू देतो, दहा फुटांवरच्या रिंगकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, 'याचा नेम नाही.' अहो, त्याचा चेंडू तिथवर पोचतच नाही! ती नेमाची परीक्षा नव्हेच, खांद्याची आहे.

प्रशिक्षकांची बाजूही मला दिसते. साठ-सत्तर पोरं, दोन रिंगा, चार चेंडू, हाताखाली एखादा कॉलेजचा मुलगा, मानधन तुटपुंजं, आणि वरून पालकांचे फोन. टेपचा आकडा दाखवला की कोणी भांडत नाही. 'मला हा पोरगा शिकेल असं वाटतं' असं म्हटलं की वशिल्याचा संशय येतो. म्हणूनच नजरेने पाहिलेलं कागदावर उतरवलं पाहिजे. पहिल्या दिवशीचा आकडा, शेवटच्या दिवशीचा आकडा, जन्मतारीख आणि एक ओळ शेरा. एवढं केलं की नजरेलाही पुरावा मिळतो.

या यादीचं वजन किती असतं ते शहरातल्या नातेवाइकांना कळावं म्हणून एक उदाहरण देतो. आमच्या भागात मामाकडे शिकायला राहिलेली तांड्यावरची एक मुलगी होती. बारा वर्षांची, अंगाने बारीक, पण चेंडू कुठे पडणार हे तिला दोन पावलं आधी कळायचं. एका शिबिरात ती पंधरा दिवस नेमाने आली. यादीत तिचं नाव नव्हतं. मुलाचं नाव नसलं तर तो संध्याकाळी तसाच मैदानावर जातो, त्याला कोण अडवतं? मुलीचं तसं नाही. पहाटे साडेपाचला घराबाहेर पडायची परवानगी तिला यादीच्या भरवशावर मिळालेली असते. नाव नाही म्हटल्यावर मामी म्हणाली, "आता कायले जातं वं? घेतलं नाही ना त्यायनं." संपलं. त्या दिवशी संघातली जागा तर गेलीच, तिचं मैदानही गेलं. कोणी दुष्टपणा केला नव्हता. फक्त 'संघात नाही' आणि 'खेळू नको' यांतला फरक तिच्या घरी जाऊन कोणी सांगितला नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात खेळ म्हणजे नुसती हौस नसते. दहावी-बारावीला खेळाडूंचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा. कापसाच्या भावावर ज्याचं वर्ष ठरतं त्या घराला ही फार मोठी वाट आहे. ती फुटते कुठून हे आधी सांगता येत नाही. यवतमाळचा आकाश चिकटे भारतीय हॉकी संघाचा गोलरक्षक होऊन २०१७ च्या आशिया कपविजेत्या संघात खेळला. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्य घेऊन आली. छोट्या गावांतून पोरं जातात, पण कोणीतरी त्यांना तोवर मैदानावर टिकवलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की यादी दोन रकान्यांची करू नका, तीन रकान्यांची करा. 'घेतले', 'सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचे' आणि 'रोज संध्याकाळी येऊन खेळावे'. 'नाही' हा रकाना चौदा वर्षांखाली असूच नये. आणि प्रत्येक मुलाच्या हातात एका ओळीची चिठ्ठी द्या, की तुझं हे चांगलं आहे, हे कर. साठ चिठ्ठ्या लिहायला एक संध्याकाळ लागते. आम्ही आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले, मरत नाही माणूस :-)

आता भाचीला आणि दोन्ही पुतण्यांना उत्तर. निवड झाली नाही म्हणून पोरांना घरी बसवू नका. प्रशिक्षकांना भेटा, पण 'का नाही घेतलं' असं भांडत विचारू नका. 'पुढचे सहा महिने याने काय करावं' असं विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने खूश होतो. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करा आणि तारीख घाला. पोराच्या वाढीचा वेग त्यावरून तुम्हालाच कळेल. आणि अभ्यास की खेळ असं दर आठवड्याला त्याला विचारत बसू नका. संध्याकाळी तास-दीड तास खेळल्याने कुणाचं गणित बुडाल्याचं मी माझ्या नोकरीत तरी पाहिलं नाही.

असो, पुष्कळ झालं. तुमच्यापैकी कोणी शिबिरं घेत असेल तर यादी लावण्याआधी चिठ्ठ्यांचं तेवढं बघा.