गाणे आपले, सही कोणाची?



मागच्या रविवारी विहारातून घरी येतो तो दारात आमच्या चाळीतले शाहीरबाबा आणि त्यांची नात. नातीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार पानांचा करारनामा. एक म्युझिक कंपनी तिच्या आवाजात आठ भीमगीते रेकॉर्ड करणार आहे. त्यातली पाच बाबांनी लिहिलेली, तीन तिची स्वतःची. "काका, सही करायच्या आधी तुम्ही एकदा वाचा," ती म्हणाली. बाबा गप्प उभे होते. ते का गप्प होते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

२००६ सालची गोष्ट. आम्ही बी. कॉम. होऊन नुकतेच क्लार्क म्हणून चिकटलो होतो. चाळीत इंग्रजी कागद वाचणारा म्हणून आम्हाला भाव होता. बाबांना तेव्हा एका कंपनीने बोलावले. सहा गाणी, शब्द बाबांचे, चाली बाबांच्या, गाणारा कंपनीचा. आम्ही कागद वरवर चाळला, रकमेचा आकडा तेवढा पाहिला, "बाबा, करा सही" म्हणालो आणि साक्षीदार म्हणून खाली आमचीही सही ठोकून दिली. बाबांना एकरकमी पाच हजार मिळाले. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर ती सीडी वाजताना ऐकून आम्ही दोघे खुशीत घरी आलो होतो. आज तीच गाणी लोकांच्या मोबाईलवर वाजतात. गायकाचे नाव येते, कंपनीचे येते. बाबांचे नाव कुठेच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाने आपल्या माणसाचा कागद न वाचता सही करायला लावावी, याची लाज आम्हाला आजही वाटते.

आपल्या समाजात कलावंतांना तोटा नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक तरुणपणापर्यंत निरक्षर होते. त्यांनी पुढे हजारो गाणी लिहिली आणि ती गावोगाव पोचली. पण गाणे पोचणे वेगळे आणि गाणाऱ्याच्या घरात चूल पेटणे वेगळे. "कला विकायची नसते, ही समाजसेवा आहे," असे आपण म्हणतो. म्हणणारा बहुधा पगारदार असतो, आमच्यासारखा. आम्ही जयंती मंडळाचे खजिनदार होतो तेव्हा मंडपवाल्याला आगाऊ दिले, डीजेवाल्याला रोख दिले आणि गायकाला मात्र शाल, नारळ आणि रिक्षाभाडे! त्या वर्षीचे ताळेबंदाचे पान आमच्याच अक्षरात आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणे लिहिले की हक्क लिहिणाराचा. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. हा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ च्या डिसेंबरअखेर जिवंत आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा २०२९ अखेर. बोटावर मोजण्यासारखा हिशेब आहे, पण घरोघरी तो कोणी करत नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगात" हे शब्द न विसरता घालतात. २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आता गीतकार-संगीतकाराने हक्क विकला तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा त्याला कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. गाणाऱ्यालाही त्याच्या गाण्याच्या व्यापारी वापरावर रॉयल्टी मिळण्याची तरतूद त्याच दुरुस्तीने आली. बाबांचा कागद त्याच्या आधीचा. पण कलम ५७ त्यांच्या बाजूने आहे. हक्क विकले तरी "हे मी लिहिले" असे सांगण्याचा अधिकार विकला जात नाही. त्या आधाराने बाबांचे नाव लावा म्हणून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र आम्हीच टाकले आहे. पोचपावती आली, उत्तर नाही.

रॉयल्टी मात्र आपोआप दारात येत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी आय.पी.आर.एस. ही संस्था १९६९ पासून आहे, गायकांसाठी इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन आहे. तिथे सभासद व्हावे लागते, आपल्या गाण्यांची यादी द्यावी लागते. त्यासाठी आधी आपल्याकडे यादी हवी! बाबांची अर्धी गाणी कॅलेंडरच्या मागे आणि हँडबिलांच्या पाठीवर लिहिलेली. आम्ही नातीला एक फुलस्केप वही घेऊन दिली. एका बाजूला गाणे, लिहिल्याची तारीख, चाल कोणाची. दुसऱ्या बाजूला कार्यक्रम, गाव, सुपारीचा आकडा, आगाऊ किती, ढोलकीला किती, गाडीभाडे किती. दोन महिन्यांत तिला कळले की एका गावचा कार्यक्रम टाळ्या भरपूर देतो आणि खिशातले साडेतीनशे घेतो. (तिथे ती तरीही जाते. आम्ही काही बोलत नाही.) नोकरी सोडू नको असेही आम्ही तिला सांगितले. ती दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आठवड्याचे पाच दिवस तिथे, शनिवार-रविवार गाणे. घरभाडे पगारातून निघते म्हणून तिला वाईट कागदाला "नाही" म्हणता येते.

तर रविवारी आम्ही ती चार पाने मराठीत मोठ्याने वाचली. दीड तास लागला. मुदत कायमची. पुढे निघतील ती सर्व माध्यमेही त्यांचीच. तिसऱ्या पानावर गाण्यांची यादी होती. तिच्या तीन गाण्यांपुढे तिचे नाव आणि बाबांच्या पाच गाण्यांपुढे एकच शब्द, "पारंपरिक".

बाबांनी हात वर केला. "परत वाच."

आम्ही परत वाचले.

"पारंपरिक? अरे, मी अजून जिवंत आहे की!"

नात हसली, मग रडली. सोमवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीत गेली. मुदत दहा वर्षांवर आणायला ते तयार झाले, पाच गाण्यांपुढे बाबांचे नाव घालायलाही. रक्कम वाढवणार नाहीत म्हणाले. माध्यमांचे कलम वकिलाला दाखवून कळवतो म्हणाले. नवा कागद अजून आलेला नाही. सही झालेली नाही.